समेटाचा दोना

लांजी,
४ एप्रिल १९६८

डोमा,

आशीर्वाद घे. खुशाली लिहाले घरात खुशाली पायजे, म्हणून ते सोडते अन् कामाचं लिहिते.

शीला माहेरी आली आहे. होळी झाली अन् आली, सासरहून, हट्ट्याहून, तान्ह्या आनंदीले कडेवर घेऊन. जवाई सोडाले आला नाई, त्याच्यावरून तुले समजाचं ते समजलं असंन. मी गावात सांगतलं की लेकरू लहान आहे, हवा बदलाले आणलं. लोकंबी शहाणे. "हौ हौ, हवा" म्हणतेत अन् शीलाच्या मनगटाकडे पाहतेत. मनगट सुजून आहे.

तू म्हणशीन, मारपीट कोणाच्या घरी होत नाई. म्हण. पण आधी हे ऐक. व्याही महागू निरोपावर निरोप धाडून राह्यला, "सुनेले पाठवा, मोहाचे दिवस आहेत, घरात हाताले माणूस नाई." मोहफुलं वेचाले माणूस पायजे त्याले! सूनबाईनं उजाडायच्या आधी रानात जाऊन फुलं वेचाची, आंगणात वाळवाची, मंग बापानं त्याची दारू काढाची, पोरानं पेवाची, अन् पिऊन वेचणारीलेच हाणाचं. असा त्या घरचा कारभार आहे. म्या साफ नाई म्हटलं. तर घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, आता महागूनं पंच बसवले. अखजीचा सण झाला की आमच्याच आंगणात बैठक आहे.

रीत तुले माहीत आहे, पण भिलाईच्या कारखान्यात इतके वर्सं काढले, विसरला असशीन, म्हणून लिहिते. समेट कराचा असला की पळसाच्या पानाच्या दोन्यात मोहाची दारू भरतेत. आधी पोराकडच्या वडील माणसानं ओठ लावाचे, मंग तोच दोना पोरीकडच्या वडील माणसानं घ्याचा. दोघांचे ओठ लागले की भांडण मिटलं. पोरीनं गाठोडं उचलाचं अन् सासऱ्याच्या मांगं चालाचं. पोरीचा बाप नसला तर मामा.

शीलाचा बाप नाई. कसा गेला ते तूबी पाहिलं होतं. पोट फुगलेलं, डोळे हळदीवानी पिवळे, बालाघाटच्या दवाखान्यात रात्रंदिवस पाणी मांगत होता. तेव्हा आता मामा म्हणजे तू.

मामानं दोना घेतला नाई तर समेट होत नाई. पंचाले उठून जाच लागते, त्यायच्या म्होरक्या चैतराम पटलालेबी. माहं बोलणं तिथं कोणी ऐकणार नाई, पण तुहं न बोलणंबी ऐकतीन. एवढंच काम आहे. येजो, बसजो, दोना पुढं आला की म्हणजो, "घेत नाई." दुसरं भाषण नोको.

आमगावले उतरजो, तिथून लांजीची बस भेटते.

तुही बहीण
अनुसया


लांजी,
१९ एप्रिल १९६८

डोमा,

तुहं पत्र आलं. सरितानं लिहिलं आहे, हिंदीत. पोरीचं अक्षर मोत्यासारखं, पण बोल तुहे आहेत. "दीदी, गुस्सा थूक दो." "गृहस्थी में ऐसा होता है." "शीला भी ज़बान चलाती होगी." वा रे माह्या भावा! उंटावरून शेळ्या हाकाले काय जाते? अन् हे सारं आपल्या लग्नाच्या पोरीच्या हातून लिहून घेतलं, तुले थोडीबी लाज वाटली नाई? ती काय शिकली असंन त्याच्यातून?

ज़बान म्हणतं ना, तर ऐक शीलाची ज़बान. पयल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. शीलानंच म्हटलं होतं, नको लिहू, मामाले कसं वाटंन. आता वाटू दे.

जवाई खेमराज शुद्धीत असला तर वाईट माणूस नाई, हे मी पंचासमोरबी म्हणीन. बैलाले बोट लावू देत नाई कोणाले. शीलासाठी बाजारातून बांगड्या आणते अन् धानाच्या कोठीमांगं लपवून ठेवते, मायनं पाहू नये म्हणून. पण दुपार कलली की तो उठून जाते, अन् घरी येते तो दुसराच कोणी येते.

त्या दिवशी शीला पाण्याले गेलती. आनंदी रडत होती, पोटात दुखत असंन, लेकराले काय सांगता येते? खेमराजनं कापसाचा बोळा दारूत बुडवला अन् तिच्या तोंडात देला. शीला घागर घेऊन आली तर घर शांत. तिले बरं वाटलं, डोमा. तिनं आधी पाणी गाळून घेतलं, मंग पोरीले दूध पाजाले उचललं, तर मान लटकली. तोंडाले वास. दिवस मावळला तरी लेकरानं डोळे उघडले नाईत. अन् बाप काय म्हणते? "पाह्य, कशी निजली! मलेबी माय असंच देत होती."

शीलानं तो बोळा त्याच्या तोंडावर फेकून मारला. मनगट मंग मुरगाळलं. स्वतःच्या मारासाठी ती आली नाई रे. तो मार ती दोन वर्सं गिळत होती, मलेबी सांगत नव्हती. लेकरासाठी आली.

मी चैतराम पटलाच्या कानावर घातलं. हसला! "अवो अनुसयाबाई, सर्दी झाली की थेंबभर आम्हीबी देतो लेकराले. औषध होये ते." औषध म्हणे! त्याच औषधानं शीलाचा बाप बरा झाला न, चांगला बरा झाला!

तू भजनातला माणूस. चहालेबी शिवत नाई, लग्नात गेला तर पंगतीतून उठून जातं कोणी बाटली काढली की. साऱ्या नात्यात मी हे मिरवते. पंचासमोर नाई म्हणाले तुह्याहून बरं तोंड मी कोठून आणू? येजो. सुट्टी नाई भेटली तर बिगर सुट्टीचा येजो.

अनुसया


लांजी,
९ मे १९६८

डोमाजी,

बसच्या अड्ड्यावर तू लोकांजवळ बोलला म्हणे की बाई, सख्खी बहीण, सोडालेबी आली नाई, रागावली. रागावली नाई बापा. मले वांती आली. आंगणात दारू इतकी सांडली होती की सारवूनबी वास जात नाई.

तू तिथं होता, तुले सारं माहीत आहे. पण तू एका जागी बसून पाहत होता अन् मी दाराआडून, तेव्हा मले काय दिसलं ते वाच.

चैतराम पटलानं विचारलं, "महागू, तुह्या पोरानं पिऊन बायकोले मारलं. कबूल?" महागू म्हणे, "कबूल." "लेकराले पाजलं. कबूल?" "कबूल." मले वाटलं, चला, इतकं तरी झालं. मंग दंड ठरवला. काय ठरवला? दोन घागरी दारू अन् बकरा! अरे, पिऊन मारल्याचा दंड दारू! अन् तो दंड भरला कोणी? महागूनं, ज्याच्या घरी ती निघते. अन् पेला कोणी? पंचानं. कुंपणच शेत खाते म्हणतेत ते मी माह्या आंगणात, माह्या चटईवर बसलेलं पाहिलं. आरोपी म्हणून खेमराज मान खाली घालून बसला होता बिचारा, खरंच लाजला होता. त्यालेबी कोणीतरी भरून देली. "घे रे, झालं गेलं." निवाडा व्हायच्या आधी तो डुलत होता.

मंग दोना फिरला. महागूनं ओठ लावले. दोना तुह्यापुढं आला. मी दारातून ओरडली, "डोमा, घेऊ नोको!" बायकांनं मधात बोलू नये म्हणतेत, पण मी बोलली. साऱ्यांनं मांगं वळून पाहिलं. तूबी पाहिलं. अन् मंग तू हसला, लहानपणी आंबा चोरताना सापडला की हसत होता तसा, अन् म्हणाला, "बाई, पंचाचा मान राखा लागते."

अन् ओठ लावले.

मंग तू काय केलं? उठून कुडाजवळ गेला, थुंकला, लोट्यानं चूळ भरली, एकदा नाई, चांगली खळखळून. मले दाखवत होता काय? की पाह्य बाई, पोटात गेली नाई, माहा नेम मोडला नाई? अरे, त्या दोन्याले पोट लागत नाई, ओठ लागतेत! तू कोरडा राह्यला अन् माही पोरगी गेली. साऱ्या बैठकीत दारू न पिणारा तू एकटा होता, अन् काम तुह्याच तोंडानं झालं. पिणाऱ्याचं मी समजू शकते, त्याले पायजे होती म्हणून तो पेला. तुले तर नकोबी होती. मंग काहून घेतली रे? चार माणसांनं वाईट म्हणू नये म्हणून?

शीला उठली. मी म्हटलं, "बस खाली, माह्या घरातून तुले कोण नेते ते मी पाहते." तर म्हणते, "मामानं घेतला, माय. आता मी बसली तर पंच तुले वाळीत टाकतीन, रोवणीच्या वेळी तुह्या धानाच्या बांधीत एकबी बाई उतरणार नाई. धान कशी लावशीन?" तिनं माह्या धानाचा विचार केला. तू कशाचा केला?

जाताना खेमराज धुऱ्यावर पडला. महागू पंचाच्या पाया पडण्यात गुंतला होता. शीलानंच त्याले उठवलं. कडेवर लेकरू, खांद्यावर नवरा, असा तुहा समेट बसच्या अड्ड्याकडे गेला. मी दिसेपर्यंत पाहिलं. तू तेव्हा बकऱ्याचं मटण खात नाई म्हणून तुह्यासाठी वेगळं वरण मांडाले सांगत होता.

"मी तर फक्त ओठ लावले" असं लिहिशीन. ते लिहू नोको. बाकी काय लिहाचं ते लिही.

अनुसया


बालाघाट,
२ ऑगस्ट १९६८

डोमाजी,

पत्ता बदलला आहे, पाहून घे. मी बालाघाटले आहे, शीलाबी इथंच आहे, आनंदीबी आहे. आहे, हेच मोठं.

रोवणीचे दिवस. शीला सासऱ्याच्या बांधीत चिखलात उभी. सासू म्हणे, लेकरू घरी ठेव, बाप आहे ना. बाप होता. पाऊस लागून राह्यला, लेकरू रडून राह्यलं, बापानं उपाय केला. या खेपेले बोळा नाई, दूध पाजाच्या शिंपल्यानं पाजली. शीला आली तोवर पोरीचे ओठ निळे पडले होते अन् अंगाले आकडी येत होती. खेमराज तिच्या बाजूलेच घोरत होता, एक हात तिच्या अंगावर टाकून.

ती चिखलाच्याच पायानं निघाली. सडकेवर तांदळाच्या गोण्याचा ट्रक भेटला, ड्रायव्हरनं नाव-गाव न विचारता वर घेतलं. हट्ट्याहून दवाखान्यापर्यंत ती त्या पोरीच्या तोंडात श्वास फुंकत आली. कोणी शिकवलं तिले? कोणीच नाई.

डॉक्टरनं वाचवली. पण म्हणाले, आता काही सांगता येत नाई, डोक्याले किती लागलं ते वाढत्या वयात दिसंन. मले कार्ड आलं ते शीलाचं नव्हतं, दवाखान्यातल्या शांताबाई नर्सचं होतं. "तुमची मुलगी एकटी आहे, या." एवढंच. मी धान बांधीत तसंच सोडून आली.

तीन दिवसानं खेमराज आला. शुद्धीत होता. व्हरांड्याच्या बाहेर पावसात उभा राह्यला, आत येत नव्हता. मंग भिंतीले डोकं लावून रडला. डोमा, मी त्याच्यावर ओरडली नाई. त्याच्या मायनं त्याले बोळा देला, त्यानं पोरीले देला, अन् पंचानं दोघायले "औषध होये" म्हणून सांगतलं. तो तरी रडला. समेटानंतर तुहं पत्र आलं त्याच्यात मी शोधून पाहिलं, कोठंबी काही ओलं दिसलं नाई.

राहाले शांताबाईनं आपल्या घराच्या मांगची खोली देली आहे. तिची वस्ती बौद्ध लोकांची आहे. लांजीत हे आधीच पोहोचलं असंन, अन् लांजीहून भिलाईले, वाईट खबरेले तिकीट लागत नाई. हौ, मी त्यांच्या विहिरीचं पाणी पिते. हौ, त्यांच्या चुलीवरचं खाते. चांगलं लागते. पिणारे तिथंबी आहेत, शांताबाईचा दीरच पिते, मी काही सोन्याची वस्ती पाहून नाई आली. पण तो पिऊन आला तर बाया त्याले आंगणात चढू देत नाईत. त्याच्या पुढं दोना भरून कोणी बसत नाई, अन् "झालं गेलं" असं कोणी म्हणत नाई.

शीला परत जात नाई. हे तुले विचारत नाई, सांगते.

अनुसया


बालाघाट,
२० जानेवारी १९६९

डोमाजी,

पाच महिन्यानं पत्र आलं. मले वाटलं, आनंदीचं विचारलं असंन. खालपर्यंत वाचलं, मंग पलटून वाचलं. तिचं नाव नाई.

सरिताचं लग्न ठरलं, आनंद आहे. "बाई, तुझ्याशिवाय लग्न कसं होईल" असं या खेपेले तू मराठीत लिहिलं, स्वतःच्या हातानं. बरं वाटलं. मंग खालची ओळ वाचली. चैतराम पटलानं तुले सांगतलं की बहीण बाटली, पोरीनं समेट मोडला, आता आम्ही तुह्या मांडवात जेवणार नाई. म्हणून मी काय कराचं? ही खोली सोडाची, शीलाले हट्ट्याले पाठवाचं, अन् जातीले जेवण देऊन दंड भराचा. दंड काय तेबी तू लिहिलं आहे, जरा लाजून, अक्षर बारीक करून. दारू. मी पंचाले दारू पाजाची, म्हणजे मी शुद्ध होईन!

अन् मंग? दोना फिरंन. अन् शीलाच्या बाजूनं ओठ कोण लावंन? तूच!

मी नाई भरत. शीला नाई जात. तुह्या मांडवात कोणी जेवलं नाई तर कुत्र्याले घाल, पण माह्या पोरीच्या जिवावर पंगत उठवू नोको.

तू विचारलं नाई तरी सांगते. आनंदी वर्साची होऊन गेली. पाठीले उशी लावली तर बसते. हसते, कोणाकडे पाहून ते समजत नाई. हाक मारली तर वळून पाहत नाई. शीला रोज हाक मारते. राइस मिलमध्ये धान वाळवाच्या कामाले जाते ती, दुपारच्या सुट्टीत धावत घरी येते, दारातूनच हाक मारते, "आनंदी!" मंग थोडी थांबते. मंग आत येते. हे मी रोज पाहते, डोमा, अन् रोज तुह्या नावानं बोटं मोडते, खोटं काहून सांगू. पंच म्हणतेत, देवाची करणी. देवाचा काय संबंध? देव त्या बैठकीत नव्हता, तू होता.

आता तुह्या जवायाचं. तू लिहिलं, "मुलगा चांगला आहे, कामावर आहे, सणावाराला थोडी घेतो." थोडी! शीलाच्या वेळी महागूनंबी हेच म्हटलं होतं. अन् तू, बाटली दिसली की पंगतीतून उठणारा, तू हे लिहून राह्यला जसा पोराले पोहता येते असं सांगून राह्यला. मी म्हणत नाई की तो खेमराज होईन. न होवो, माहा आशीर्वाद आहे. पण झाला तर? सरिता मनगट धरून तुह्या दारात येईन, तुले वाईट वाटंन, रडशीनबी. मंग पंच बसतीन, अन् तिच्या बापापुढं दोना येईन. तू त्या पोरीसाठी तरी नाई म्हणशीन का? मी खूप विचार केला. मले नाई वाटत. तू वाईट नाई डोमा, पण चार माणसं पाहून राह्यले की तुह्याच्यानं नाई म्हणणं होत नाई.

म्हणून सरिताले सांगजो. बालाघाट स्टेशनातून बाहेर निघालं की कोणालेबी शांताबाई नर्सचं घर विचाराचं, सारे ओळखतेत. मांगच्या खोलीत आत्या राहते. पहाटे ये, दुपारी ये, लेकरू घेऊन ये नाई तर एकटी ये. इथं कोणी तिले काय झालं म्हणून आधी विचारणार नाई, आधी जेवाले वाढतीन. अन् तिले परत पाठवाले कोणी आलं, मंग तो पंच असो नाई तर बाप, तर त्याले दारातूनच वापस जा लागंन.

लग्नाले मी येत नाई. साडी शांताबाईच्या हातानं धाडते. हे पत्र सरितालेच वाचाले दे. तू देशीन असं वाटत नाई, म्हणून तिले वेगळं धाडलं आहे.

अनुसया